गर्वानं

प्रिय रूथ आणि आशिष,

तुम्ही दोघांनी तो व्हिडिओ पाहिलात, हे तुमच्या आईने सांगितलं. चर्चमधल्या कुणीतरी फोनवर काढलेला. त्यात तुमची आजी माईक हातात धरून उभी आहे, काहीतरी बोलते आणि मग चित्र एकदम थांबतं. रूथ, तू विचारलंस की येशू तर क्षमा करायला सांगतो, मग आजी, तू सगळ्यांसमोर 'नाही' का म्हणालीस. आशिषने काहीच विचारलं नाही. त्याला माझी लाज वाटली असेल. वाटू दे. पण आधी हे वाचा.

मी आयुष्यभर नाशिकच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हांला वाचणंही. मुद्दाम लिहिलं नाही. इंग्रजीत चालताना धक्का लागला तरी सॉरी आणि माणूस गेला तरी सॉरी. शिवाय ही सगळी गोष्ट दोन अक्षरांची आहे आणि ती अक्षरं इंग्रजीत येत नाहीत. तुमच्या आईला सांगा, मोठ्याने वाचून दाखव.

तर, माझी आई. तुमची पणजी.

ती बागलाणातली, नामपूरजवळच्या खेड्यातली. तिच्या तोंडात अहिराणी. 'आहे'ला ती 'शे' म्हणायची, 'शाळा'ला 'शाया'. माझे वडील मिशनची गाडी चालवत. ते गेल्यावर मिशनने तिला चर्चच्या आवारातली मागची खोली दिली आणि चर्च झाडण्या-पुसण्याचं काम दिलं. ती चर्चला देऊळ म्हणायची. बाकं पुसायची, कंदील घासायची, प्रभुभोजनाचा प्याला घासायची. चांदीचा होता. राखेने नाही, चिंचेने घासायचा, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

द्राक्षरसही तीच करायची. हंगामात पिंपळगावहून पेटी यायची. आई हात कोपरापर्यंत धुवायची, द्राक्षं फडक्यात बांधायची आणि हातांनी पिळायची. मग उकळून, गाळून बाटल्या भरायची. वर्षभर सगळी मंडळी तिच्या हातचा रस प्यायची. येशूचं रक्त म्हणून. त्याला कुणाची हरकत नव्हती.

प्रभुभोजन कठड्याशी होतं. वेदीसमोर लाकडी कठडा आहे, त्याच्याशी लोक ओळीने गुडघे टेकतात, पाळक आधी भाकर देतात आणि मग एकच प्याला एकेकाच्या ओठांना लावत जातात. एकाने घोट घेतला की पांढऱ्या रुमालाने काठ पुसायचा, पुढच्याला द्यायचा. एक ओळ उठली की दुसरी बसते. ओळीला आमच्याकडे पंगत म्हणत. शब्द ऐकूनच कळेल, तो चर्चमध्ये कुठून आला.

पहिली पंगत बंगल्यांतल्यांची. मागच्या चाळींतल्यांची शेवटची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागत नव्हतं.

बंगल्यांमध्ये मोठं घर बाईसाहेबांचं. त्यांच्या पणजोबांनी जानवं टाकून बाप्तिस्मा घेतला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते लोक सगळ्यांना सांगत. माझे पणजोबा नामपूरच्या बाजूचे महार. त्यांनी काय टाकून बाप्तिस्मा घेतला, हे कुणी कधी विचारलं नाही. टाकायला होतं काय.

मी अकरा वर्षांची होते. चर्चला नवे पाळक आले होते. तरुण, गोड आवाजाचे. त्या रविवारी ते उपदेशात म्हणाले, प्रभूच्या मेजाशी पहिला कोणी नाही आणि शेवटचा कोणी नाही. ज्याचं हृदय तयार आहे त्याने उठावं आणि यावं. हे त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा हात पसरून.

आई उठली आणि गेली.

एवढंच. तिचं हृदय तयार होतं. आठवडाभर ती द्राक्षं पिळत होती, हातांना अजून वास होता. तिने पदर डोक्यावर घेतला, मधल्या वाटेने सरळ पुढे गेली आणि पहिल्या पंगतीत कठड्याच्या टोकाला गुडघे टेकले. मी मागच्या बाकावर होते. मला वाटलं, आता सगळेच असं करणार. आजूबाजूला पाहिलं. चाळीतलं कुणी हललं नाही. त्यांना उपदेश म्हणजे काय ते आईपेक्षा जास्त कळत होतं.

बाईसाहेब आल्या आणि रिकामी जागा होती तिथे, आईच्या शेजारी, गुडघे टेकून बसल्या. त्यांनी बाजूला पाहिलं नव्हतं. पाळकांनी आईला प्याला दिला. आईने घोट घेतला. त्यांनी काठ पुसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. प्याला फिरवून बाईसाहेबांसमोर धरला. बाईसाहेबांनी तेव्हा शेजारी पाहिलं. मग प्याल्याच्या तोंडावर तळहात ठेवला, झाकण ठेवावं तसा, आणि उठल्या.

त्यांच्या मागोमाग त्यांची सून उठली. मग सगळी पंगत, एकेक करून. आईला वाटलं, पंगत संपली. तीही उठली आणि त्यांच्या मागोमाग, मान खाली घालून, नीट ओळीने परत आली. माझ्याजवळ बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खूश होती.

त्या रविवारी पुढे कुणीच प्यायलं नाही. प्याला भरलेला राहिला.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. पंच म्हणजे मंडळीचे वडीलधारे, सगळे बंगल्यांतले. जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. ख्रिस्ती लोकांत जात नसते, त्यामुळे तो शब्द काढणंच चूक झालं असतं. त्यांनी वेगळा शब्द शोधला. गर्व. आईने गर्वाचं पाप केलं होतं. पवित्र मेजाशी पुढे पुढे केलं होतं, मंडळीची शांती मोडली होती. तिचा प्याला बंद.

प्याला बंद म्हणजे रविवारी यायचं, बसायचं, पण कठड्याशी जायचं नाही. रस पिळायचा, प्याला घासायचा, तोंड लावायचं नाही. पुन्हा उघडायचा तर मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करायचं.

पाळक सांगायला खोलीवर आले. दारातच उभे राहिले. आई म्हणाली, "साहेब, तुम्हीच सांगं, मी आयकं." तुम्हीच सांगितलंत, मी ऐकलं.

ते चपलांकडे बघत म्हणाले, "बाई, तो उपदेश होता. उपदेशातलं सगळं असं करायचं नसतं."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा आठवलं आहे. दर रविवारी आठवतं.

ते गेल्यावर आई भिंतीला टेकून बसली. रडली नाही. मला विचारलं, "माफी कसानी? मी काय कयं?" माफी कशाची, मी केलं काय. तिला खरोखर उत्तर हवं होतं. मी शिकत होते, इंग्रजी शाळेत जात होते, मला ठाऊक असेल असं तिला वाटलं.

मला ठाऊक नव्हतं.

माफी हा शब्द आमच्या घरात आधी फीबरोबर आला होता. माझी फी माफ होती. ती कुणाच्या सहीने माफ होती, हे पंचांपैकी एकाने चर्चच्या पायरीवर आईला सहज आठवण करून दिलं. आवाज चढवला नाही. पोरगी हुशार आहे, म्हणाले. तिचं नुकसान करू नकोस.

आई घरी येऊन म्हणाली, "तुन्ही शाया ऱ्हायनी पाहिजे." आणि मला सांगितलं, ते काय म्हणायचं ते माझ्याकडून पाठ करून घे.

वाक्य पंचांनी ठरवून दिलं होतं. मी गर्वाचे पाप केले. मंडळीने मला क्षमा करावी. दोनच वाक्यं, पण पुस्तकी. तिच्या जिभेला ती वळत नव्हती. तिच्या बोलीत 'चं' नाही. तिथे 'नं' येतं. घरचं म्हणायचं तर ती 'घरनं' म्हणणार. रोज चुलीपाशी आम्ही घोकायचो. ती भाकरी थापता थापता म्हणायची, मी दुरुस्त करायचे. म्हणताना ती कधी रागावली नाही. चांगली विद्यार्थिनी होती.

मग तो रविवार.

तिला कठड्यासमोर उभं केलं, तोंड लोकांकडे करून. मला तिच्या शेजारी उभं केलं, विसरली तर सांगायला. पहिल्या बाकावर बाईसाहेब. पाळक म्हणाले, बोला बाई.

आईने मला एकदा पाहिलं. मग मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली:

"मी गर्वानं पाप केलं."

अर्धं माझ्या भाषेतलं, अर्धं तिच्या. तिला म्हणायचं होतं गर्वाचं. झालं गर्वानं. आणि शुद्ध मराठीत त्याचा अर्थ काय होतो, ते तुमच्या आईला विचारा. मी पाप केलं, ते अभिमानाने केलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग बाकांवरून हसू पसरत गेलं. चाळीतलेही हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या पाळकांना म्हणाल्या, "ऐकलंत? गर्वानं केलं म्हणते."

पाळक म्हणाले, पुन्हा म्हणा.

आईला काय चुकलं ते कळलं नाही. तिला वाटलं, आवाज पुरला नाही. ती आणखी मोठ्याने म्हणाली, मी गर्वानं पाप केलं.

आता कुणी हसलं नाही. आता ते चिडले होते. मी तिचा पदर ओढला आणि हळू सांगितलं, "चे, आई. गर्वाचे." ती माझ्याकडे बघत, माझ्या ओठांकडे बघत, एकेक अक्षर म्हणाली. ग-र्वा-चे. लहान मूल पाढा म्हणतं तशी. पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आता जमलं. मग दुसरं वाक्य म्हणाली. मग सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, क्षमा केली.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. चांगला आवाज होता. आमची मंडळी गाण्यात हुशार.

बाईसाहेब पुढे आल्या. आईच्या डोक्यावर, पदरावर, हात ठेवला. "आम्ही विसरलो हं सगळं," म्हणाल्या. "तूही विसर." त्या रविवारी आईचा प्याला उघडला. शेवटच्या पंगतीत, शेवटच्या जागी.

विसरलं कुणीच नाही. शाळेत मुली मला 'ए गर्वानं' म्हणून हाक मारायला लागल्या. मॅट्रिक होईपर्यंत माझं हेच नाव होतं. आईला बाईसाहेबांच्या व्हरांड्याची फरशी पुसायला बोलावणं यायला लागलं, अधूनमधून, मग रोज. त्याबद्दल कुणी काही देत नव्हतं आणि ती मागत नव्हती. एकदा ताप होता म्हणून गेली नाही, तर निरोप आला की क्षमेची आठवण ठेव. पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा मुलाकडच्यांच्या कानावर घातलं गेलं की मुलगी चांगली आहे हो, आईला एकदा मंडळीने क्षमा केलेली आहे, बाकी काही नाही. तुमच्या आजोबांनी विचारलं, कशाबद्दल. कुणाला सांगता आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, मग मी हिच्याशीच लग्न करतो.

रूथ, शिक्षा भोगून संपते. न केलेल्या पापाची क्षमा संपत नाही. ती जन्मभर देणाऱ्याच्या हातात राहते.

आई गेली ती माझ्या घरी, आता मी हे लिहिते आहे त्याच खोलीत. शेवटच्या दिवसांत पाळक प्याला घेऊन आले. तेव्हाचे पाळक वेगळे, वयस्क, साधे. त्यांनी विचारलं, मनावर काही पाप आहे का. आई सावकाश सांगत गेली. सासूला शिव्या दिल्या होत्या. मला एकदा उलथन्याने मारलं होतं. नवरा मेला तेव्हा देवाला नको नको ते बोलली होती. प्रत्येक पापाचं नाव घेतलं. पाळक म्हणाले, आणि ते चर्चमधलं, पूर्वीचं? त्यांच्याही कानावर होतं ते.

आईने डोळे उघडले. "ते नही," म्हणाली. "ते पाप नही व्हतं."

मग तिने घोट घेतला. मी तिचे ओठ पुसले. त्या दिवशी मला, भिंतीला टेकून तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिनेच दिलं. माफी कशाचीच नव्हती. तिला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि माझ्या शाळेसाठी ती ते गिळून बसली होती.

आता व्हिडिओ.

आताचे पाळक चाळीतले, आपलेच. माझ्या वर्गात बसलेले. त्यांना आणि पंचांना वाटलं, चर्चमध्ये समेटाची उपासना घ्यावी. बाईसाहेबांचा नातू परदेशातून सुट्टीवर आला होता. मी मंडळीतली सगळ्यांत म्हातारी. त्याने आणि मी एकमेकांना क्षमा करायची, एका प्याल्यातून प्यायचं. पाळक मजकूर घेऊन घरी आले. त्यात लिहिलं होतं: पूर्वी झालेल्या गैरसमजाबद्दल आम्ही परस्परांस क्षमा करतो.

मी विचारलं, माझ्या आईने केलं ते पाप आणि यांनी केलं तो गैरसमज, हे कुणाच्या व्याकरणात बसतं? आणि मी यांच्याकडून क्षमा कशाची घ्यायची? पुन्हा?

पाळक म्हणाले, मॅडम, शब्दावर अडू नका. मी त्यांना शाळेत शब्दावरच अडायला शिकवलं होतं. मी सांगितलं, जे झालं ते लिहा, मी वाचते. ते पंचांकडे गेले, परत आले. पंच ऐकत नव्हते. नातू स्वतः भेटायला आला. चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "आंटी, माझी आजी आता नाही. तिच्याबद्दल तिच्या मागे असं कसं वाचायचं?"

मी म्हटलं, माझ्या आईबद्दल तिच्या तोंडावर वाचलं होतं.

तरी त्यांना वाटलं, ऐन वेळी म्हातारी नरमेल. वेदी, फुलं, लोक बघून. नातवाने त्याचा भाग वाचला. माईक माझ्याकडे आला. मी जे म्हटलं ते व्हिडिओत अर्धंच आहे, म्हणून पूर्ण लिहिते.

"गैरसमज झाला नव्हता. माझ्या आईला तो उपदेश बरोबर समजला होता. याच कठड्यासमोर तुम्ही तिला क्षमा केलीत. ती क्षमा परत घ्या. सगळ्यांनी उभं राहून दिली होती, सगळ्यांनी उभं राहून परत घ्या. मग माझ्याकडे मागा."

कुणी उभं राहिलं नाही. चाळीतल्या घरांची मुलंही, आता ज्यांचे स्वतःचे बंगले आहेत, तीही नाही. फोन बंद करा, असं कुणीतरी म्हणालं. तिथे तुमचा व्हिडिओ संपतो.

पुढचं तुम्हांला कुणी दाखवणार नाही, ते मी सांगते. आठवड्याने पाळक आले. तसेच दारात उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मॅडम, मी तुमचाच विद्यार्थी. पण पंचांनी ठरवलंय. तुमचं मन क्षमेला तयार होईपर्यंत तुम्ही कठड्याशी येऊ नये."

माझा प्याला बंद झाला आहे. त्याच चर्चमध्ये. कारणही तेच लिहिलं आहे. मनाचा गर्व.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, रूथ. माझा देवाच्या क्षमेवर विश्वास आहे. ती नसती तर मी कधीच संपले असते. रोज सकाळी मी माझ्या पापांची नावं घेते. त्यात बाईसाहेबांच्या घराचा द्वेषही आहे. आहे, खोटं कशाला बोलू. ते पाप आहे, त्याचं नाव मला ठाऊक आहे, त्याची क्षमा मी देवाकडे मागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावी लागते. पण जे स्वतःच्या पापाचं नाव घेत नाहीत, त्यांना मी क्षमा केली असं म्हणणं म्हणजे पाप झालंच नाही असं म्हणणं. आणि पाप झालं नाही, तर मग माझी आई खोटी ठरते. तिला मी तिथे एकदा अक्षर सुधारून दिलं आहे. आता सुधारणार नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी लवकर जाते. पहिली पंगत बाकांवरून उठली की मधल्या वाटेने सरळ पुढे जाते आणि कठड्याच्या टोकाला, आई बसली होती तिथे, गुडघे टेकते. गुडघे दुखतात, कठडा धरावा लागतो. पाळक भाकर घेऊन येतात, मला गाळून पुढे जातात. प्याला येतो, माझ्या डोक्यावरून पलीकडच्याला जातो. माझ्यानंतर शेजारची बाई घोट घेते. कुणी उठून जात नाही. उठण्याचं कारण त्यांनी काढून टाकलं आहे, माझ्या ओठांना काही लागतच नाही.

पंचांनी विचारलं, मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करता का. मी सांगितलं, होय. गर्वानं.

मला कुणी हात धरून उठवेल तर उठवो. स्वतःहून मी उठणार नाही. एक ना एक दिवस तो प्याला माझ्यासमोर थांबेल किंवा मी थांबेन.

तिची साडी, भांडी, फोटो काही उरलेलं नाही. द्राक्षरसाच्या बाटल्या आता दुकानातून येतात. कठड्याच्या त्या टोकाची जागा तेवढी आहे, आणि ते दोन अक्षरांचं चुकीचं व्याकरण आहे.

तुमची आजी